उशिरा ऐकलेली साक्ष



दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या वंशसंहाराचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम ॲन फ्रँक उभी राहते. ॲमस्टरडॅममधील एका इमारतीच्या मागील भागात दोन वर्षांहून अधिक काळ लपून राहिलेल्या या मुलीने आपल्या दैनंदिनीतील शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ रोजी केली. ४ ऑगस्टला ती पकडली गेली आणि १९४५च्या आरंभी बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत तिचा अंत झाला. तेथे लपलेल्या आठ जणांपैकी एकटे तिचे वडील परत आले. ही दैनंदिनी मराठीतही आली आणि घरोघरी वाचली गेली. परंतु तिचे अखेरचे पान उलटले की आपल्याकडील बहुतेकांची या विषयाची माहितीही तेथेच संपते.

यात नवल नाही. ज्या कोकणात बेने इस्रायली शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवीत, शनिवारचा विश्राम पाळीत, शेजाऱ्यांत मिसळून राहिले, त्या प्रदेशातील माणसाला केवळ ज्यू आईच्या पोटी जन्मले म्हणून मुलांची शिकार करणारे राज्य कल्पनेतही आणणे अवघड जाते. म्हणूनच ॲनच्या वयाची व तिच्याहून लहान अशी जी मुले वाचली, त्यांनी पुढे काय सांगितले, हे मुद्दाम जाणून घेतले पाहिजे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की त्यांचे म्हणणे ऐकायला जगाने जवळजवळ चार दशके का लावली? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

मुलेच प्रथम का?

नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. इतिहासकार डेबोरा ड्वॉर्क यांच्या अभ्यासानुसार १९३९ साली हयात असलेल्या युरोपातील ज्यू मुलांपैकी केवळ ११ टक्के मुले युद्धाच्या अखेरीस जिवंत राहिली. प्रौढांच्या तुलनेत हे प्रमाण फारच कमी आहे आणि त्याचे कारण त्या यंत्रणेच्या हिशेबात आहे. धडधाकट प्रौढ माणूस मरेपर्यंत राबवून घेता येत असे. मूल राबू शकत नव्हते आणि जगले तर वंश पुढे जाणार होता. त्यामुळे ऑशवित्झला गाडी थांबली की लहान मुले, त्यांच्या माता आणि वृद्ध यांना थेट विषारी वायूच्या कोठडीकडे नेले जाई. मुलाचे वय हाच त्याचा मृत्युलेख होता.

व्हिएन्नात १९३१ साली जन्मलेल्या रूथ क्लूगर या लेखिकेचा अनुभव या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. टेरेझिनहून ऑशवित्झला आणलेल्या कुटुंबांच्या विभागात १९४४च्या उन्हाळ्यात श्रमिक स्त्रियांची निवड झाली. अट पंधरा ते पंचेचाळीस वर्षे वयाची होती. रूथ बारा वर्षांची होती. पहिल्या अधिकाऱ्यासमोर तिने खरे वय सांगितले आणि ती नाकारली गेली. आईच्या आग्रहावरून ती दुसऱ्या अधिकाऱ्यापुढील रांगेत शिरली. त्याच्याजवळ लेखनिकाचे काम करणारी कैदी स्वतःही कोवळ्या वयाची होती. ती पुढे आली आणि पंधरा सांग, असे तिने हलक्या आवाजात बजावले. मुलगी फार लहान दिसते, असे अधिकारी म्हणाला तेव्हा हिचे पाय दणकट आहेत, कामाला येईल, असेही तिनेच सांगितले. रूथ वाचली. मागे राहिलेल्यांना काही दिवसांतच ठार करण्यात आले.

त्या लेखनिक तरुणीला यातून मिळण्यासारखे काही नव्हते. उलट जीव धोक्यात होता. रूथ क्लूगर यांनी आयुष्यभर या प्रसंगाचा विचार केला. जेथे माणसाचा प्रत्येक व्यवहार भीतीने बांधलेला होता, तेथे एका अनोळखी मुलीसाठी कोणीतरी स्वेच्छेने चांगले वागले, हे त्यांना अखेरपर्यंत उलगडून पाहावेसे वाटले. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या त्या १९९२ साली. म्हणजे घटनेनंतर अट्ठेचाळीस वर्षांनी.

नाव बदललेली मुले

छावणीबाहेर जी मुले वाचली, ती बहुधा लपून वाचली. लपणे याचा अर्थ दरवेळी पोटमाळ्यावर बसणे असा नव्हता. पुष्कळ मुले उघड्यावर, परंतु दुसऱ्याच्या नावाने राहिली. पोलंड, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड या देशांतील मठ, वसतिगृहे, शेतकऱ्यांची घरे येथे त्यांना ठेवले गेले. नवे नाव, नवा जन्मगाव, नव्या प्रार्थना त्यांना पाठ कराव्या लागत. झोपेतसुद्धा जुन्या नावाला ओ द्यायची नाही, ही शिस्त चार-पाच वर्षांच्या मुलाला अंगी बाणवावी लागे.

प्रागमध्ये १९३२ साली जन्मलेले सॉल फ्रीडलेंडर हे पुढे या वंशसंहाराचे थोर इतिहासकार झाले. त्यांच्या ग्रंथास २००८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण दहाव्या वर्षी ते फ्रान्समधील एका कॅथलिक निवासी शाळेत पॉल-आंरी फेरलां या नावाने वावरत होते. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. आई-वडील १९४२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीमेवरून परत पाठवले गेले, फ्रेंच पोलिसांच्या हाती पडले आणि ऑशवित्झला मारले गेले. मुलाला ते ठाऊक नव्हते. तो नव्या धर्मात इतका रमला की आपण जेझुइट धर्मगुरू व्हावे असे त्याला वाटू लागले. युद्ध संपल्यावर एका जेझुइट पाद्र्यानेच त्याला समोर बसवून ज्यूंचे काय झाले ते सांगितले. त्यानंतर त्याने आपले मूळ आडनाव परत घेतले आणि १९४८ साली तो इस्रायलला गेला. त्या पाद्र्याचा प्रामाणिकपणाही येथे नोंदवला पाहिजे. भावी धर्मगुरू गमावण्याची शक्यता समोर असतानाही त्याने मुलापासून सत्य लपवले नाही.

अशी फारकत पुढे भरून यावी, याची काळजी घेणारी माणसेही होती. वॉर्साच्या समाजकल्याण विभागात काम करणाऱ्या इरेना सेंडलर आणि त्यांचे सहकारी यांनी बंदिस्त ज्यू वस्तीतून सुमारे २,५०० मुले बाहेर काढली, असे सांगितले जाते. प्रत्येक मुलाचे खरे नाव व नवे नाव पातळ कागदावर लिहून ते कागद बरण्यांत घालून एका बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरले होते. युद्धानंतर मुले आई-वडिलांकडे सोपवावीत, हा हेतू होता. बरण्या उकरल्या गेल्या, नावे मिळाली. पण त्यांतील बहुसंख्य मुलांचे पालक तोवर ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत संपले होते.

सर्ज क्लार्सफेल्ड यांची आठवण आणखी निराळी आहे. नीस शहरात ३० सप्टेंबर १९४३च्या रात्री जर्मन पथक घरात शिरले, तेव्हा आठ वर्षांचे सर्ज, त्यांची बहीण आणि आई कपाटातील खोट्या फळीमागे उभे होते. वडिलांनी स्वतः पुढे होऊन दार उघडले, म्हणून कपाट नीट तपासले गेले नाही. वडील परतले नाहीत. फळीमागून आलेले आवाज त्या मुलाच्या कानांत राहिले. मोठेपणी वकील झालेल्या सर्जने फ्रान्समधून मृत्युछावण्यांकडे गेलेल्या गाड्यांच्या याद्या शोधल्या. अकरा हजारांहून अधिक मुलांची नावे त्याने एकत्र केली आणि मिळतील तितकी छायाचित्रे जमवून १९९४ साली त्यांचा स्मृतिग्रंथ काढला. कपाटातील त्या रात्रीनंतर पन्नास वर्षांनी या मुलांना पुन्हा नावे मिळाली.

आगगाडीच्या खिडकीतून

आणखी एक गट होता तो वेळीच देशाबाहेर पडलेल्या मुलांचा. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, दुकाने फोडली गेली. त्यानंतर ब्रिटनने सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश देण्याचे ठरवले. पालकांना मात्र परवानगी नव्हती. २ डिसेंबर १९३८ रोजी पहिला गट हार्विच बंदरात उतरला. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले ब्रिटनमध्ये पोहोचली. सोबत एक लहान बॅग, दहा मार्क आणि गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, एवढेच सामान होते.

या मुलांच्या आठवणींत फलाटावरील निरोप हटकून येतो. काही आयांनी हसून हात हलवला, कारण रडलो तर मूल गाडीत चढणार नाही अशी त्यांना भीती होती. मुलांना तो प्रवास सहलीसारखा भासला. त्या हसण्याचा अर्थ त्यांना स्वतः आई-बाप झाल्यावर समजला. अनेकांना आई-वडिलांचे पुन्हा दर्शन झाले नाही. प्रागहून ६६९ मुले हलवण्याच्या कामात पुढाकार घेणारे निकोलस विंटन यांची शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ रोजी निघायची होती. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि सुमारे अडीचशे मुलांची ती गाडी सुटलीच नाही.

भारताचा संबंध येतो तो दुसऱ्या एका मार्गाने. पोलंडमधून सोव्हिएत प्रदेशात गेलेल्या व तेथून १९४२मध्ये इराणात आलेल्या निर्वासितांत सातशेहून अधिक ज्यू मुले होती. त्यांपैकी बहुतेक अनाथ होती किंवा पालकांपासून तुटलेली होती. इराकने आपल्या भूमीवरून जाऊ दिले नाही, म्हणून त्यांना जानेवारी १९४३मध्ये जहाजाने अखंड भारतातील कराचीला आणले गेले आणि तेथून सुएझमार्गे फेब्रुवारीत ती पॅलेस्टाइनला पोहोचली. इतिहास त्यांना ‘तेहरानची मुले’ म्हणून ओळखतो. याच निर्वासितांच्या लोंढ्यातील हजारो पोलिश नागरिक पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. नव्या देशात भाकरीची ददात नसतानाही ही मुले पावाचे तुकडे गादीखाली दडवून ठेवीत. सांभाळणाऱ्यांना तो प्रथम व्रात्यपणा वाटला.

तुम्ही तर लहान होता

या मुलांच्या साक्षी नोंदवण्याचा प्रयत्न युद्ध संपताच झाला होता, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. पोलंडमधील ज्यू ऐतिहासिक आयोगाने मुलांसाठी वेगळी प्रश्नावली केली आणि १९४७ साली ‘मुले आरोप करतात’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक काढले. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर १९४६मध्ये तारेवर ध्वनी मुद्रित करणारे यंत्र घेऊन युरोपात गेले आणि निर्वासितांच्या शंभराहून अधिक मुलाखती घेऊन आले. त्यांत किशोरवयीन मुलेही होती. परंतु ऐकणारे कोणी नव्हते. युरोप घरे उभारण्यात गुंतला होता आणि इस्रायल अस्तित्वाची लढाई लढत होता.

मुलांच्या वाट्याला एक अधिकची वंचना आली. तुम्ही लहान होता, तुम्हाला काय आठवणार, असे त्यांना सांगितले गेले. हे सांगणारे दुष्ट नव्हते. छावणीतून आलेल्या नातेवाइकांना खरोखरच वाटे, की शेतावर राहिलेल्या मुलाने दुःख पाहिलेलेच नाही. दत्तक घेणाऱ्यांना वाटे, न विचारणे हीच दया. मुलांनीही ते मान्य केले. लपण्याच्या काळात गप्प राहणे हाच त्यांचा जगण्याचा उपाय होता. तो त्यांनी शांततेच्या काळातही सोडला नाही.

या गप्प राहण्याची किंमत डच मनोविकारतज्ज्ञ हान्स कायल्सन यांनी मोजून दाखवली. ते स्वतः ज्यू होते, युद्धकाळात लपून राहिले होते. युद्धानंतर त्यांनी अनाथ मुलांवर उपचार केले आणि सुमारे दोनशे मुलांचा पंचवीस वर्षे पाठपुरावा करून १९७९ साली निष्कर्ष मांडले. त्यांनी आघाताचे तीन टप्पे मानले : शत्रूचा अंमल बसला तो काळ, ताटातूट किंवा छावणीचा काळ आणि युद्धानंतरचा काळ. त्यांना आढळले ते असे, की दुसऱ्या टप्प्यात अतोनात सोसलेले, पण तिसऱ्या टप्प्यात समजूतदार घर मिळालेले मूल पुढे अधिक सावरले. ज्याने तुलनेने कमी सोसले होते, पण नंतर ज्याला समजून घेणारे कोणी भेटले नाही, त्या मुलाची स्थिती अधिक बिकट झाली. म्हणजे युद्ध संपल्यानंतर भोवतालच्या समाजाने त्या मुलाशी कसे वर्तन केले, यावर त्याचे उर्वरित आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून होते. कोणत्याही समाजाने लक्षात ठेवावा असा हा निष्कर्ष आहे.

बंद दारे उघडली

१९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमनवर खटला चालला. अनेक वाचलेल्यांनी साक्ष दिली आणि मोठ्यांचे मौन प्रथम फुटले. मुलांचे फुटायला आणखी काळ लागला. १९७९मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे साक्षींचे चित्रमुद्रण सुरू झाले. तो संग्रह पुढे येल विद्यापीठाकडे आला. त्याच्या संस्थापकांपैकी डॉ. डोरी लाउब हे स्वतः बालपणी रोमानियाच्या अमलाखालील ट्रान्सनिस्ट्रियात हद्दपार झालेले होते. १९८९मध्ये बर्था लेव्हर्टन यांच्या पुढाकाराने ब्रिटनला आलेल्या मुलांचा पन्नास वर्षांनंतरचा मेळावा लंडनमध्ये झाला. मे १९९१मध्ये न्यूयॉर्कला लपून वाचलेल्या मुलांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा भरला, तेव्हा दीड हजारांहून अधिक माणसे आली. पन्नाशी-साठी गाठलेल्या त्या लोकांपैकी अनेकांनी आपली कहाणी प्रथमच उच्चारली. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने तर पन्नास हजारांहून अधिक साक्षी मुद्रित केल्या.

स्मृती आणि पुरावा

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. पाच वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर, तीही पन्नास वर्षांनी सांगितलेल्या, किती विश्वास ठेवावा? शंका टाळून चालणार नाही, कारण फसवणूक झालेली आहे. १९९५ साली बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने छावणीतील बालपणाचे पुस्तक आले. त्याला पुरस्कार मिळाले. १९९८मध्ये एका स्विस पत्रकाराने लेखक ज्यू नसून स्वित्झर्लंडमध्येच वाढल्याचे उघड केले आणि पुढील वर्षी इतिहासकार स्टेफान मेक्लर यांच्या चौकशीने ते सिद्ध केले. वंशसंहार झालाच नाही असे म्हणणाऱ्यांच्या हाती अशी बनावट साक्ष आयते शस्त्र देते. म्हणूनच प्रत्येक साक्ष गाडीच्या यादीशी, जन्मनोंदीशी, दुसऱ्याच्या कथनाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

एप्रिल २०००मध्ये लंडनच्या न्यायालयाने डेव्हिड आयर्व्हिंगचा दावा फेटाळला, तो खटला या संदर्भात उद्बोधक आहे. प्रतिवादी डेबोरा लिपस्टाट यांच्या वकिलांनी एकाही वाचलेल्या व्यक्तीला साक्षीला बोलावले नाही. आयर्व्हिंगला त्यांची उलटतपासणी करू द्यायची नाही, असा त्यांचा निर्णय होता. जर्मन कागदपत्रे आणि इतिहासतज्ज्ञांचे अहवाल एवढ्यावर संहार सिद्ध झाला.

मग मुलांच्या साक्षीचे प्रयोजन काय? कागद गाडीचा दिनांक आणि प्रवाशांची संख्या सांगतो. त्या गाडीतील मुलाला काय दिसले, हे मूलच सांगू शकते. डॉ. लाउब यांना हद्दपारीतील एक चित्र स्पष्ट आठवे : बुग नदीचा काठ, हिरवे कुरण, बरोबर त्यांच्याच वयाची एक मुलगी आणि गवत खाता येते की नाही यावर दोघांची चाललेली चर्चा. अनेक वर्षे त्यांच्या लेखी ती रम्य आठवण होती. तो उपासमारीचा पुरावा आहे, हे कळायला मोठे व्हावे लागले. हिब्रू कादंबरीकार आहारॉन ॲपेलफेल्ड यांची आई १९४१मध्ये मारली गेली. छावणीतून निसटून ते युक्रेनच्या रानांत भटकले. गावांची नावे, तारखा त्यांना सांगता येत नसत. पाऊस आणि थंडी आली की शरीराला मात्र सारे आठवे, असे त्यांनी लिहिले आहे. अशा स्मृतीतून तारीख मागू नये. छळ म्हणजे काय, हे मात्र तिच्याइतके कोणी सांगत नाही.

बुखेनवाल्डची छावणी ११ एप्रिल १९४५ रोजी मुक्त झाली, तेव्हा तेथे सात वर्षांचा लुलेक सापडला. त्याच्या मोठ्या भावाने त्याला पोत्यात घालून छावणीत आणले होते. अमेरिकी सैन्यासोबतच्या ज्यू धर्मगुरूने त्याला उचलून, हसत आणि रडत, त्याचे वय विचारले. आपणच तुमच्याहून मोठे आहोत, कारण तुम्हाला अजून हसता-रडता येते आणि आपण ते दोन्ही विसरलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्या मुलाने दिले. हाच मुलगा, इस्राएल मेइर लाउ, १९९३ साली इस्रायलचा प्रमुख रब्बी झाला.

आता कोण सांगणार?

या सोसण्याची अधिकृत दखल घ्यायला जर्मनीलाही २०१४ साल उजाडले. त्या वर्षी १९२८ वा त्यानंतर जन्मलेल्या बालपीडितांसाठी स्वतंत्र निधी मान्य झाला. प्रत्येकी अडीच हजार युरो, तेही एकदाच. रक्कम मोठी नव्हती. पण लहान असतानाही तुम्ही सोसले, हे सत्तर वर्षांनंतर कागदावर आले, याचे अनेकांना मोल वाटले.

ज्यूंच्या नुकसानभरपाईचे काम पाहणाऱ्या ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ या संस्थेने २०२४च्या प्रारंभी केलेल्या गणनेनुसार जगात सुमारे २ लाख ४५ हजार वाचलेल्या व्यक्ती हयात होत्या आणि त्यांतील ९६ टक्के १९२८नंतर जन्मलेल्या होत्या. ज्यांना तुम्हाला काय आठवणार असे म्हटले गेले, तीच मुले आता अखेरचे साक्षीदार आहेत. त्यांच्यानंतर स्वतः पाहिले असे म्हणणारा कोणी उरणार नाही आणि नाकारणारे मात्र उरतील.

जेरुसलेमच्या याद वाशेम येथे मुलांचे स्मारक १९८७ साली उभे राहिले. अंधाऱ्या दालनात थोड्या मेणबत्त्या आहेत, आरशांमुळे त्या असंख्य दिसतात आणि मारल्या गेलेल्या मुलांचे नाव, वय व जन्मस्थान एकामागून एक वाचले जाते. ज्यांना बोलता आले नाही, त्यांच्यासाठी एवढेच करता येते. जे बोलले, त्यांच्यासाठी अधिक करता येण्याजोगे आहे. त्यांच्या मुद्रित साक्षी आज पाहता-ऐकता येतात. इतिहास शिकवणाऱ्याने त्यांतील एक तरी वर्गात पूर्ण ऐकवावी, ती कोणत्या नोंदींशी ताडली गेली हेही सांगावे आणि मग विद्यार्थ्यांना प्रश्न विचारू द्यावेत. जे ऐकायला एका पिढीने चाळीस वर्षे लावली, ते पुढच्या पिढीला एका तासात ऐकता येईल. तो तास देणे एवढेच आता आपल्या हाती आहे.